सतरावी टीप

३ फेब्रुवारी

चिमे,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट न फोडता फेकून देणार असशील तर थांब. आत कुणी गेल्याची बातमी नाही. माझे गुडघे तेवढे काम सोडायच्या बेतात आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ मीही. एक एप्रिलला निवृत्त होतोय. तारखेवरून हसू नकोस, ऑफिसातल्या सगळ्यांचं हसून झालंय.

त्याच दिवशी आपल्या त्रैमासिकाला पन्नास वर्षं होतात. 'आपल्या' असं सवयीने लिहिलं गेलं, राग आला तर खोडून वाच. संपादकसाहेबांनी ठरवलंय की या अंकात पन्नास वर्षांचा आढावा घ्यायचा. देशादेशांच्या संबंधांवर आपण कुठल्या दशकात काय काय छापलं, आणि त्यातल्या कुठल्या लेखाचा दाखला पुढे किती जणांनी दिला. हे साहेब नवे आहेत, तू पाहिलेले नाहीस. आम्ही त्यांना मागे 'दशांश' म्हणतो. तब्येत विचारली तरी हा गृहस्थ प्रभावांक सांगतो, म्हणजे आमच्या एकेका लेखाचे दाखले लोक सरासरी किती देतात तो आकडा. सध्या एक पूर्णांक चार आहे. दीडच्या वर गेला की वरच्या श्रेणीत नाव लागतं, आणि ती यादीही एप्रिलमध्येच येते. तोवर त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही आणि आमच्याही उतरू देणार नाहीत.

मोजायचं काम ग्रंथपालबाईंच्या गळ्यात पडलंय. त्या तुला आठवत असतील, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायच्या. त्यांनी एक हजार नऊशे बारा लेख काढले, त्यांचे विषय लावले, दाखले मोजले. पहिला नंबर कुणाचा आला सांग बघू? तुझा! सरहद्दीवरच्या नदीकाठच्या दरीवरचा तुझा तो लेख, बावीस वर्षांपूर्वीचा. सहाशे अकरा दाखले. दुसऱ्या नंबरचा लेख बिचारा दोनशे चाळीसवरच बसलाय.

साहेबांना तो पुन्हा छापायचाय. परवानगीचा कागद सोबत आहे, सही करून पाठव. जमलं तर समारंभाला ये. मला मानपत्र देणार आहेत. एकतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही अंकाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नाही, असं त्यात लिहिलंय. मसुदा मीच तपासून दिला, म्हणजे त्यातही चूक नाही.

बाकी ठीक. तुझ्या शाळेतली पोरं भूगोल शिकतात की नुसत्या नकाशात मिशा काढतात?

दादा


१९ फेब्रुवारी

चिमे,

कार्ड मिळालं. 'लेख छापू नका.' एवढंच? खाली नाव नाही, वर 'दादा' नाही. बरं, अक्षर तरी पाहिलं. अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग.

हे बघ, तू अजून तेच धरून बसलीयस. दरीतल्या लोकांचं वाईट झालं, मी कुठे नाही म्हणतो? त्या सरकारी आयोगाने तुझ्या लेखातलं एक वाक्य उचलून अहवालात घातलं, 'दरीतल्या दर तीन घरांपैकी दोन घरांतले लोक पहारा चुकवून पलीकडे ये-जा करतात,' आणि त्या वाक्याच्या जोरावर होड्या बंद केल्या, चार वस्त्या उठवल्या, माणसांना पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. पहिल्याच थंडीत एकोणीस माणसं गेली. तू दोन वर्षं जिच्या घरी राहिलीस, जी तुला लेक म्हणायची, ती म्हातारीही गेली. पण लेख लिहिणारीने काय बंदूक लावली होती? वाचणाऱ्यांनी वाचायचं तसं वाचलं. त्यासाठी विद्यापीठ सोडून, माणसं सोडून, कुठल्या कुठे जाऊन राहायची काही गरज नव्हती. हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

इकडे बाईंनी भिंतभर तक्ता लावलाय. पहिल्या दहा वर्षांत सगळे शस्त्रांवर आणि तहांवर लिहीत होते. मग व्यापार आला, त्यानंतर सीमा. तिथून पुढे जो तो 'सुरक्षा' या एकाच शब्दाला लोंबकळतोय. पाण्याची सुरक्षा, अन्नाची सुरक्षा, उद्या जांभईची सुरक्षा येईल. 'शांतता' हा विषय पहिल्या दशकात एकशे चार लेखांत होता, गेल्या दहा वर्षांत सात. साहेब म्हणाले, "सातच? मग तो रकाना काढून टाका, तक्ता सुटसुटीत दिसेल." बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

या बाई मोजायला बसवलेल्या, पण वाचायला लागल्यात. तुझे सहाशे अकरा दाखले त्या एकेक करून उघडतायत. चारशेवर उघडून झाले. त्यांतले तीनशे एकाहत्तर त्याच एका वाक्याचे आहेत. बाकीची तीस पानं कुणी वाचल्याचं दिसत नाही. एकाने आयोगाचा अहवाल वाचून घेतलंय, दुसऱ्याने पहिल्याचं वाचून, तिसऱ्याने दुसऱ्याचं. बाई म्हणाल्या, "अहो, ही माणसं लेख वाचत नाहीत, एकमेकांची तोंडं बघतात."

त्यांनी आणखी एक विचारलं. तुझ्या लेखात एके ठिकाणी 'टीप २२ पाहा' असं आहे. बावीस नंबरची टीप भलत्याच गोष्टीची आहे. जी हवी ती एकवीस नंबरला आहे. मी म्हटलं, टंकनाची चूक असेल. त्या 'हं' म्हणाल्या. तू यात डोकं घालू नकोस, मी आपलं गंमत म्हणून लिहिलं.

कागदावर सही कर गं. एवढा मान कुणाच्या वाट्याला येत नाही.

दादा


६ मार्च

चिमे,

या वेळी कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्यास. तीन वेळा वाचलं.

म्हणजे वस्त्यांच्या लोकांनी परत जाण्यासाठी अर्ज केलाय आणि एकवीस तारखेला सुनावणी आहे, हे मला तुझ्याकडूनच कळलं. त्यांनी साक्षीला तुलाच बोलवावं, हे मात्र फार झालं. म्हातारीचा मुलगा स्वतः तुझ्या दारात आला, पाणीही न घेता उभ्या उभ्या म्हणाला, "ताई, ते तुमचाच कागद आमच्या तोंडावर फेकतात. तुम्ही येऊन सांगा की आम्ही आमच्याच शेतात जात होतो." तू लिहितेस, मी कुठल्या तोंडाने जाऊ?

आणि मग खाली तो प्रश्न. 'दादा, मूळ प्रत तू खरंच पाहिली होतीस ना? ती टीप त्यात नव्हती ना? मला अजून ती टाइप केल्याचं आठवतं. खिडकीपाशी बसून. म्हातारी धान्य निवडत होती.'

चिमे, बावीस वर्षं झाली. माणसाला काय काय आठवतं. मला आपले बाबा मिशा ठेवायचे असं आठवतं आणि एकाही फोटोत त्यांना मिशा नाहीत. मी तेव्हा जे सांगितलं ते सांगितलं. जुने कागद ऑफिसच्या स्थलांतरात कुठे गेले देव जाणे.

माझं ऐकशील तर जाऊ नकोस. तिथले वकील फाडून खातात. तुझा रक्तदाब, सहा तासांचा प्रवास. तू गेलीस म्हणून निकाल बदलेल असं थोडंच आहे? डॉक्टरचा दाखला पाठवून मोकळी हो.

इथे थंडी कमी झालीय. आंघोळीला पाणी तापवावं लागत नाही आता.

दादा


१५ मार्च

चिमे,

आता खरं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

टीप होती. सतरा नंबरची. तू टाइप केली होतीस, खिडकीपाशी बसूनच केली असशील. त्यात म्हटलं होतं: 'ही नोंद एकाच वस्तीतल्या बेचाळीस घरांची, पेरणीच्या महिन्यातली आहे. या लोकांची शेतं पलीकडच्या काठावर आहेत आणि ते संध्याकाळी परततात. हा आकडा सबंध दरीला लावू नये.' छापल्यावर तीन ओळी झाल्या असत्या.

आमचा अंक शहाण्णव पानांचा. सोळा पानांचा एक फॉर्म, असे सहा. सत्त्याण्णवावं पान हवं असेल तर अख्खा सातवा फॉर्म उघडावा लागतो आणि तीन ओळींसाठी तो कुणी उघडत नाही. त्या दिवशी मजकूर बरोबर तीन ओळी बाहेर जात होता. छापखानावाला दारात उभा. असं झालं की मी कुठून तरी तीन ओळी काढायचो, आणि काढलेल्या कळायच्या नाहीत याचा मला फार तोरा होता. तेव्हाचे साहेब म्हणायचे, ओळ काढावी तर यानेच.

त्या अंकात आठ लेख होते. सात परक्यांचे. एकेकजण असा की स्वल्पविराम हलवला तरी तक्रारीचं पत्र यायचं. आठवा तुझा. मी म्हटलं, ही घरचीच आहे, हिला काय विचारायचं. तू दरीत होतीस, तिथे फोनही नव्हता. टीप काढली, पुढच्या सगळ्या टिपांचे नंबर हाताने एकेकाने कमी केले. मजकुरातला तो 'टीप २२ पाहा' तेवढा राहून गेला. बाईंना बावीस वर्षांनी तो दिसला. मला महिन्याभरातच दिसला होता.

मग आयोगाचा अहवाल आला. तू ऑफिसात आलीस, बूट चिखलाने भरलेले, आणि माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणालीस, "दादा, मी टीप लिहिली होती ना रे? माझी कार्बन प्रत म्हातारीच्या घरात राहिली आणि ते घर पाडलंय. तुझ्याकडची बघून सांग." मी उठलो, आतल्या खोलीत गेलो, कपाटासमोर नुसता उभा राहिलो आणि बाहेर येऊन सांगितलं, "बघितली. त्यात नाही."

प्रत माझ्या पिशवीत होती, चिमे. सकाळीच ऑफिसातून काढून घरी न्यायला ठेवली होती.

तू स्टुलावर बसलीस. म्हणालीस, "म्हणजे मीच विसरले." मी तुला चहा मागवला. मला वाटलं होतं, तू आरडाओरडा करशील, भांडशील, आणि भांडता भांडता माझ्या तोंडून खरं निघून जाईल. तू भांडलीच नाहीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्यानंतर तू बोलणं टाकलंस तेव्हा मला वाटलं, हिला कळलं. खरं सांगू? बरं वाटलं. नंतर समजलं की तू सगळ्यांशीच बोलणं टाकलंयस, लाजेने.

प्रत अजून माझ्याकडे आहे. पान एकोणीस, तळाशी, मुंग्यांच्या रांगेसारख्या तुझ्या अक्षरात दोन दुरुस्त्या आणि त्यावर माझी लाल रेघ. फेकायला तीनदा काढलं आणि परत ठेवलं. का ठेवलं ते विचारू नकोस, भल्या हेतूने ठेवलं असं सांगायची माझी लायकी नाही.

आज साहेबांपुढे सगळं ठेवलं. शुद्धिपत्र छापू म्हटलं, आणि ही प्रत सुनावणीत द्यायला तुझ्याकडे पाठवतो म्हटलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "सहाशे अकरा दाखले आहेत त्या लेखाचे," म्हणाले. "शुद्धिपत्र लागलं की तो मोजणीतून निघेल आणि आपण एक पूर्णांक एकवर येऊ. एप्रिलची यादी होऊ दे. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?" मी म्हटलं, सुनावणी एकवीसला आहे. तर म्हणाले, "सुनावण्या पुढे ढकलल्या जातात हो." वर हेही म्हणाले, "आणि तुमचं मानपत्र?"

हे पत्र आणि ते पान उद्या सकाळी टाकतो. तू एकवीसला जा. ताठ मानेने जा.

दादा


२८ मार्च

चिमे,

पंधरा तारखेचं पत्र सोबत आहे. आधी ते वाच. ते मी टाकलं नव्हतं.

सोळाला खिशात घालून पेटीपर्यंत गेलो. सतराला म्हटलं, नोंदणीने पाठवावं, हरवायला नको. अठराला म्हटलं, आता पोचणार नाही, स्वतःच नेऊन देऊ. असं करत करत एकवीस उजाडली. स्वतःला फसवायला मला दुसऱ्या कुणाची मदत कधी लागली नाही.

मी आलो होतो हे तुला माहीत आहे. मागच्या बाकावर, खांबाजवळ. ते पान पिशवीत होतं, पिशवी मांडीवर. तू आत येताना मला पाहिलंस आणि मान हलवलीस. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तुला वाटलं, दादा धीर द्यायला आलाय. तुझ्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. आत्ता नको, मध्यंतरात देऊ, असं ठरवून मी बसून राहिलो.

पुढचं तुला पाठ असेल, पण मी ऐकलं ते मला लिहू दे. समोरच्या वकिलाने लेख उंचावून धरला. "आज तुम्ही सांगता हा आकडा एकाच वस्तीचा. मग लेखात तसं का नाही?"

तू म्हणालीस, "मला वाटत होतं मी तशी टीप लिहिली होती."

"वाटत होतं?"

"मूळ प्रतीत ती नव्हती."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"ज्याने प्रत बघितली त्याने सांगितलं. तो माझा भाऊ आहे. तो खोटं बोलणार नाही."

वकील हसला. लोक जिंकल्यावर हसतात तसा. त्याने पुढे काही विचारलंच नाही. म्हातारीचा मुलगा पुढच्या रांगेत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घातली ती वर केली नाही. मी तेव्हा उठायला हवं होतं. दहा पावलं होती. चिमे, मी उठलो नाही. दातखीळ बसली असं म्हणून सुटलो असतो, पण तसंही नव्हतं. सगळं कळत होतं आणि मी बसलो होतो. मध्यंतर झालं तेव्हा तू मागच्या दाराने निघून गेली होतीस.

तेवीसला आदेश आला, 'लेखिकेने स्वतःच मान्य केल्यानुसार' या शब्दांनी सुरू होणारा. अर्ज फेटाळला. आदेशाची नक्कल ग्रंथपालबाईंनी आणली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "टीप २२ ची चूक टंकनाची नव्हती ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी एक खुर्ची ओढली, बसल्या, आणि आदेश पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग म्हणाल्या, "आता तरी चला." आम्ही दोघं सुनावणी झाली त्या कार्यालयात गेलो.

मानपत्र नको म्हणून मी कळवलंय. शुद्धिपत्र अंकात गेलंय. शेवटचा हात माझाच फिरतो, त्यामुळे साहेबांना अंक छापून आल्यावरच कळेल. त्यांच्या यादीचं काय व्हायचं ते होवो. पण त्याने तुझ्या लोकांचं काही होत नाही, हे मला ठाऊक आहे.

कार्यालयातल्या कारकुनाने ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. माझं निवेदनही घेईना. म्हणाला, प्रकरण बंद झालंय. ते पुन्हा उघडायचं तर ज्या साक्षीवर आदेश झाला त्या साक्षीदाराने स्वतः अर्ज करायचा, की आपण शपथेवर सांगितलं ते चुकीचं होतं. भाऊबिऊ चालत नाही. मुदत तीस दिवसांची आहे, आज पाचवा.

तो अर्ज आणलाय. तुझं नाव, पत्ता, प्रकरणाचा क्रमांक मी भरलाय. मूळ पान जोडलंय, त्यावर माझी आजच्या तारखेची सही आहे. बोलावतील तेव्हा येईन आणि या खेपेला पहिल्या रांगेत बसेन. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, पण अर्ज फाडू नकोस. मला माफ कर असं मी लिहीत नाही. तो कागद त्या एकोणीस माणसांच्या घरांचा आहे, आपल्या दोघांचा नाही.

पाचव्या रकान्यात विचारलंय, साक्ष चुकीची ठरण्याचं कारण काय. कारकून म्हणाला, एका ओळीत लिहा. ती ओळ मी तुझ्या वतीने माझ्या हाताने लिहिलीय: 'माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.'

खाली फक्त तुझी सही हवी आहे.

दादा